वऱ्हाडी मंडळी

लक्ष्मीपुरीच्या बोळात आवटींचा छापखाना.
चार वर्षांपूर्वी आठशे पत्रिका तिथं परत आल्या:
‘नवर्या मुलाकडील वर्हाडी मंडळी’.
जिथं र-नं आडवं व्हायचं, पापणीसारखं,
तिथं रफार डोक्यावर चढून बसलेला.
मुलीचा मामा पत्रिका हलवत विचारत होता,
आमचा जावई सूर्याचा कोण लागतो?

आवटींचं सॉफ्टवेअर फुकटचं, खुलं.
कुणीही आत शिरावं, बघावं, दुरुस्त करावं.
मी शिरले.
दिवसा उद्यमनगरात गिअरचे दात मोजते मी,
केसभर इकडंतिकडं झालं की पेटी परत.
रात्रीच्या अकरा बैठका गेल्या, मग चूक सापडली,
मग सतरा ओळी.

टालिनच्या टावीनं विचारलं, ही पापणी कशासाठी?
मी लिहिलं: आमच्याकडं आचार्य शिकवतात, आचारी रांधतात.
आचार्यांना नमस्कार, आचाऱ्यांना पैसे.
पापणी गेली तर पैसे भलत्याच्या हातात.
‘घेतलं,’ एवढंच त्याचं उत्तर.
त्या रात्री वाडीहून आलेली बासुंदी
मी एकटीनं संपवली.

आता टावी कळवतो:
जुनं थकलंय. एक भोक शिवावं तर तीन उसवतात.
सगळं नव्यानं, नव्या भाषेत, पहिल्या ओळीपासून.
दोन वर्षं. कदाचित तीन.
तोवर जुन्यात काही घेणार नाही.

माझा दुसरा पॅच चार महिने उंबऱ्यात उभा होता.
त्याला धन्यवाद म्हणून दार लावलं.

ब्राझीलचा एक पोरगा चिडून निघून गेला.
कुणी म्हणालं, जुनं घेऊन वेगळी चूल मांडू.
मीही एका रात्री तीन दगड गोळा केले,
मग सरपण कोण आणणार ते मोजलं
आणि दगड होते तिथं ठेवले.
राग राहिला. तो सतरा ओळींचा.
खरं सांगायचं तर त्यातल्या पाच
आता माझ्याच्यानं वाचवत नाहीत.

कारखान्यात नवं सीएनसी आलं,
जुना लेथ भिंतीकडं, भंगारच्या काट्याची वाट बघत.
दस्तगीर शिकलगार एकतीस वर्षं त्याच्यावर.
मला वाटलं, आज जेवायचे नाहीत.
ते जेवले. मग सगळे गेज
तेलाच्या फडक्यात एकेक गुंडाळायला लागले.
मी म्हटलं, चाचा, आता ह्यांचं काय?
‘मशीन कुठलं बी येऊ दे की.
भोक तेवढंच पायजे न्हवं?’

घरी येऊन मी कोड लिहिला नाही. शब्द लिहिले.
पायऱ्या. दऱ्या. सुऱ्या. तऱ्हा.
गुऱ्हाळ (हा आवटींनी फोनवर सांगितला).
भाकऱ्या, बाजरीच्या असोत नाहीतर ज्वारीच्या.
आणि पलीकडं सूर्य, कार्य, धैर्य,
जिथं रफारानं डोक्यावरच बसायचं.
दोनशे बारा शब्द, प्रत्येकाशेजारी
तो कसा दिसायला हवा त्याचं चित्र.
टावी म्हणाला, यातला एकही मला वाचता येत नाही.
घेतले.

काल नवं यंत्र पहिल्यांदा चाललं.
दोनशे बारा टेस्ट, दोनशे बारा लाल.
सूर्यसुद्धा.
बराच वेळ बघत बसले. वाईट वाटेना.
निदान विचारलं तरी त्यानं, एकेक करून, सगळ्यांना.

आवटींचा फोन: तुळशीचं लग्न झालं की सीझन,
नवं घालू का?
नको, म्हटलं. जुनंच चालवा.
मी सांगेपर्यंत हात लावू नका.

मग नव्या भाषेचा पहिला धडा उघडला.
त्यात जगाला नमस्कार करायला सांगतात.
मी जग खोडलं, वऱ्हाड लिहिलं.
एक अर्धविराम राहिला होता.